दहा जणांचं पीप

"मामा, शनिवारी आमची भिशी बघायला चला," एडिंबरोला पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी भाचा म्हणाला.

ऐकून बरं वाटलं. सुरतेच्या लिंबायतचं पोर इतक्या लांब आलं, तरी भिशी सुटली नाही. मला वाटलं, कुणाच्या तरी घरी दहाजण जमतील, डब्यातून चिठ्ठी निघेल, पैसे मोजले जातील आणि शेवटी भज्यांच्या ऐवजी इकडचं काहीतरी बेचव पुढ्यात येईल. पण शनिवारी सकाळी आम्ही आगगाडीत बसलो, तीन तास उत्तरेला गेलो, तिथून मोटारीने स्पे नदीच्या खोऱ्यात शिरलो. वाटेत मेंढ्या, ओढे, पुन्हा मेंढ्या. माणूस औषधाला नाही. भिशीचे पैसे ठेवायला एवढ्या लांब यायचं, म्हणजे रक्कम मोठी असणार, असा मी अंदाज बांधला.

मोटार थांबली ती एका काळपट दगडी गोदामापुढे. भिंती हात-दीड हात जाड, खिडक्या लहान आणि गजांच्या, आत मातीची जमीन. दार उघडताच जो वास आला तो मी आयुष्यात विसरणार नाही. थोडा गुऱ्हाळाचा, थोडा ओल्या लाकडाचा आणि मागून पुरणात जायफळ किसताना येतो तसा. अंधारात लाकडी पिपं एकावर एक, तीन थरांत झोपलेली. गोदामवाल्याने कंदिलासारखा दिवा एका पिपावर धरला. त्यावर खडूने नंबर आणि साल लिहिलेलं. भाच्याने हात ठेवला आणि म्हणाला, "हे आमचं."

दहा मित्रांनी मिळून व्हिस्कीचं एक पीप विकत घेतलं होतं.

पीप हा आपला रोजचा शब्द. पाण्याचं पीप, रॉकेलचं पीप. तो पोर्तुगिजांच्या 'पिपा'वरून आला, आणि पिपा म्हणजे मुळात दारूचंच लाकडी पिंप. म्हणजे लिंबायतच्या नळावर ज्या शब्दावरून इतकी भांडणं मी ऐकली, तो शब्द त्या दिवशी आपल्या मूळ घरी बघितला.

मी राहतो त्या राज्यात दारूबंदी आहे. गुजरात १ मे १९६० ला वेगळं झालं ते १९४९ चा दारूबंदी कायदा बरोबर घेऊनच. परवाने आहेत, बाहेरून आलेल्यांना वेगळे, प्रकृतीच्या कारणाने वेगळे; २०२३ च्या डिसेंबरात गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीला थोडी सूटही मिळाली. पण लिंबायतच्या कारीगराला या सगळ्याचं काय? त्याच्या वाट्याला एक तर कोरडं राहणं, नाहीतर चोरून मिळेल ते पिणं. त्यापायी उजाड झालेली घरं मी शिक्षक म्हणून पाहिली आहेत. सोमवारी वर्गात कोणतं पोर डोळे सुजवून येईल हे मला शनिवारीच कळायचं. तेव्हा चारजण मिळून दारूसाठी पैसे काढतात, या वाक्याला आमच्याकडे एकच अर्थ. इथे मात्र पोस्टमन, नळ दुरुस्त करणारा, इस्पितळातली नर्स, शाळामास्तर आणि आमचा भाचा असे दहाजण त्या पिपापुढे देवळात उभं राहावं तसे उभे होते.

"कधी प्यायची?" मी विचारलं.

"अजून पाच वर्षांनी. दहा पुरी झाली की."

इथून माझ्या आश्चर्याला सुरुवात झाली. तिथल्या कायद्याप्रमाणे ओक लाकडाच्या पिपात स्कॉटलंडमध्येच निदान तीन वर्षं मुरल्याशिवाय त्या द्रवाला स्कॉच व्हिस्की म्हणताच येत नाही. पीप ७०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही, मद्यार्क ४० टक्क्यांखाली गेला की नाव गेलं. हे दोनशे लिटरचं पीप अमेरिकेतून आलेलं. तिकडे बर्बन नावाची दारू कायद्याने दर वेळी नव्या, आतून जाळलेल्या पिपातच भरावी लागते, म्हणून एकदा वापरलेली पिपं ते विकून टाकतात आणि हे लोक ती आनंदाने घेतात. एकाचं उतरलेलं दुसऱ्याला मुरलेलं. आमच्या रिंग रोडच्या कापड बाजारात हा व्यवहार कुणालाही समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरं आश्चर्य म्हणजे मालक असूनही मुरत असताना पीप घरी नेता येत नाही. ते सरकारमान्य गोदामातच राहणार. बाटल्या भरून बाहेर काढताना आधी कर भरायचा, बाटलीमागे दहा पौंडांच्या आसपास, वर वीस टक्के व्हॅट. सिंगल माल्ट असेल तर बाटलीही स्कॉटलंडातच भरायची. म्हणजे दहाजणांनी प्रत्येकी तीनशे पौंड देऊन घेतलं काय, तर एक नंबर आणि एक कागद. मधे एकजण ऑस्ट्रेलियाला गेला, त्याचा वाटा बाहेरच्या एकाने त्याच किमतीला घेतला. हे मात्र मला ओळखीचं वाटलं. आमच्याकडेही गावाला कायमचा निघालेला माणूस आपला नंबर दुसऱ्याला देऊन जातो.

मग गोदामवाल्याने तिसरी गोष्ट सांगितली. लाकूड श्वास घेतं. दर वर्षी पिपातला साधारण दोन टक्के माल हवेत उडून जातो. दहा वर्षांत दोनशे लिटरांतले पस्तीस-चाळीस लिटर गेलेच म्हणून समजा. याला ते म्हणतात देवदूतांचा वाटा. बंगळुरूच्या 'अमृत'वाल्यांनी २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढली, तेव्हा तिकडच्यांना कळलं की उष्ण हवेत देवदूत जास्त पितात. बंगळुरूत वर्षाला दहा-बारा टक्के. मी लिंबायतच्या मे महिन्याचा विचार केला. पत्र्याखालच्या खोलीत हे पीप ठेवलं, तर आमच्या देवदूतांनी तळ कधी गाठला असता देव जाणे.

पण मनात राहिलं ते वेगळंच. त्या दहाजणांपैकी कुणीही या उडालेल्या मालाबद्दल हळहळत नव्हतं. तो वाटा पहिल्या दिवशीच हिशेबात धरलेला होता.

आता आमची भिशी सांगतो. लिंबायत म्हणजे खान्देशाचं सुरतेतलं पेठेचं गाव. जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं उधना जंक्शनला उतरली आणि साच्यांच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात राहिली. घरात अहिराणी, शाळेत महानगरपालिकेची मराठी, खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, गुजराती आणि हिंदी. श्रावणात कानबाई बसते, दिवाळीत खाती बंद पडली की भुसावळकडच्या गाड्यांना माणसं लोंबकळतात. आमदार पाटील, खासदारही पाटील. एवढी वस्ती उभी राहिली ती बँकेच्या कर्जावर नव्हे. बँकेला कागद लागतो, आणि भाड्याच्या खोलीतल्या कारीगराकडे कागद कुठून असणार? खोली, शिलाई मशीन, बहिणीचं लग्न, बापाचं ऑपरेशन, सगळं भिशीतून. आमची बाराजणांची. पगाराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमायचं, प्रत्येकाने सारखी रक्कम टाकायची, लहान पोराच्या हातून चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव त्याला सगळे पैसे. कुणाची अडचण मोठी असेल तर चिठ्ठी न काढताच त्याला देऊन टाकायचे. कागद नाही, सही नाही. एका वहीत रेघा.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी फुटली. दोन-तीन दिवसांत लाखो माणसं शहर सोडून गेली. उधना स्टेशनावर पाय ठेवायला जागा नव्हती. तोंडाला रुमाल बांधून आम्हीही अमळनेरकडे निघालो. भिशी तेव्हा दोनशे रुपयांची होती आणि चार हप्ते बाकी होते. महिन्या-दीड महिन्याने आम्ही परतलो. बारातले दहा आले. दोघे आले नाहीत, आणि ते दोघेही आधीच उचल करून बसलेले. मग जे भांडण झालं ते चहाच्या लारीवाल्याने दोन वेळा मधे पडून थांबवलं. ज्यांनी उचललं होतं ते म्हणत, आम्ही आमचे दोनशे देतो, वरचे का द्यावे? ज्यांचं बाकी होतं ते म्हणत, आम्ही काय पाप केलं? शेवटी ठरलं, दहाजणांनी दोनशेचाळीस टाकायचे, म्हणजे उचल चोवीसशेच राहील. पुढच्या वर्षी आखाजीला त्या दोघांतल्या एकाने मनीऑर्डर पाठवली. दुसऱ्याने तोंड दाखवलं नाही. त्याच्यावरून आमच्यात वर्षभर अबोला होता.

स्पेच्या खोऱ्यातल्या त्या गोदामात मला ते चाळीस रुपये आठवले. देवदूत आमच्याही भिशीत होते. आम्ही त्यांना चोर म्हणत होतो, एवढाच फरक. अर्थात खरे चोर तिकडेही आहेत. पिपाच्या नावाखाली फसवणूक, एकच पीप अनेकांना विकणं, अशी प्रकरणं तिथे पोलिसांपर्यंत गेली आहेत. कागद असला म्हणून माणूस सरळ होतो असं नाही.

परतीच्या दिवशी भाच्याने मला लीथ बंदरात नेलं. तिथे 'द व्हॉल्ट्स' नावाची जुनी दगडी इमारत आहे. तिची गोष्ट अशी, की १९७० च्या दशकात पिप हिल्स नावाच्या एका एडिंबरोकराने ग्लेनफार्क्लास भट्टीच्या पिपातली, पाणी न घातलेली व्हिस्की चाखली आणि तो चक्रावला. त्याने मित्रांकडून वर्गणी काढली आणि एक पीप आपल्या जुन्या लागोंडा मोटारीतून घरी आणलं. मित्रांचे मित्र आले, दुसरं पीप आलं. १९८३ मध्ये त्यांनी ही इमारत घेऊन रीतसर सोसायटी काढली, स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी. बाटलीवर भट्टीचं नाव नाही, नुसता आकडा. १ म्हणजे ग्लेनफार्क्लास. २०२१ मध्ये तिची मालक कंपनी लंडनच्या शेअर बाजारात गेली. स्वयंपाकघरातली वर्गणी बाजारात जायला साधारण चाळीस वर्षं लागली.

तिथे बसून मी भाच्याला सुरतेची दुसरी बाजू सांगितली. १६३८ मध्ये मांडेल्स्लो नावाचा एक जर्मन तरुण सुरतेत आला. इंग्रजांच्या वखारीत शुक्रवारी प्रार्थनेनंतर काही व्यापारी वेगळे जमत, विलायतेत ठेवून आलेल्या बायकांच्या नावाने पेला उचलत, असं त्याने लिहून ठेवलंय. ते पीत त्याला त्याने 'पालेपुंत्झ' म्हटलं. मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. हेच पुढे 'पंच'. आपल्या पाचावरून आलं असं मानतात. त्याच्याही आधी टॉम कोरियट हा इंग्रज भटक्या जेरुसलेमपासून अजमेरपर्यंत चालत आला, जहांगीर बादशहापुढे फारसीत भाषण ठोकलं आणि १६१७ च्या डिसेंबरात पोट बिघडलेल्या अवस्थेत सुरतेला पोचला. देशबंधूंनी प्रेमाने सॅक पाजली, आणि त्यातच तो गेला. सॅक म्हणजे शेरीच्या जातीचं स्पॅनिश मद्य. ज्या शेरीच्या पिपांत आज महागडी व्हिस्की मुरते, तिच्या बहिणीने माझ्या गावात पाहुण्याचा जीव घेतला.

बायका गावी ठेवून आलेले आणि शुक्रवारी एकत्र जमणारे परदेशी व्यापारी. मला लिंबायतच्या त्या खोल्या आठवल्या, जिथे आठ-आठ कारीगर पाळीपाळीने झोपतात आणि पगाराच्या रात्री घरी फोन लावायला रांग लावतात. माणूस घरापासून लांब गेला की आधी चारजण शोधतो. मग ते चारजण काय मधे ठेवतात, वाडगा, पीप की स्टीलचा डबा, ते त्या जागेवर आणि खिशावर ठरतं.

गोदामवाल्याने नळीने काढून दिलेला एक घोट मी घेतला की नाही, हे इथे लिहीत नाही. मला लिंबायतलाच राहायचं आहे. भाचा म्हणाला, "मामा, पाच वर्षांनी माझ्या वाट्याला वीसेक बाटल्या येतील, एक तुमच्या नावाने ठेवतो." मी म्हटलं, "ती नवापूरपर्यंतच येईल." नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. फलाटाच्या एका टोकाला ती बाटली असेल, दुसऱ्या टोकाला गुन्हा.

परत आलो तेव्हा श्रावण लागला होता. भिशीच्या दिवशी सगळ्यांनी घेरलं. "काय देखं रे भो तठे?" मी पिपाची गोष्ट सांगितली. दहा वर्षांचं ऐकल्यावर आमच्यातला सगळ्यात जुना कारीगर म्हणाला, "दहा वरीस? येडा शेतस का त्या?" सगळे हसले. मीही हसलो, पण मला तो प्रश्न खरा वाटला. दहा वर्षं थांबणं ही ज्याचं काही अडलेलं नाही त्याची चैन आहे. आमची भिशी थांबू न शकणाऱ्यांसाठी आहे, आणि तिचा मोठेपणा त्यातच आहे. मात्र त्यांच्याकडून एक घेण्यासारखं आहे, म्हणून मी वहीत नवी रेघ मारून घेतली: दर महिन्याला प्रत्येकाचे पन्नास रुपये वेगळे, एखादा गावाला गेला आणि परत आलाच नाही तर त्यासाठी. रेघेला नाव काय द्यायचं यावर वाद झाला. देवदूत कुणाला पटेना. 'प्लेग खातं' असं ठरलं.

मग चिठ्ठी निघाली. ज्याचं नाव आलं त्याच्या मुलीची कॉलेजची फी भरायची होती. बाराजणांचे दोन-दोन हजार. त्याने तिथेच दोनदा मोजले. चोवीस हजार होते, एकही रुपया उडालेला नव्हता.