संगमावर आठवलेले पद

सांगलीला मी गेले होते परीक्षेच्या कामासाठी. काम लवकर आटोपले आणि एक अख्खी दुपार हाती उरली. सांगली म्हणजे नाट्यपंढरी! विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवरा'चा खेळ केला तो याच गावी. त्यांच्या नावाचे नाट्यगृह बाहेरूनच डोळे भरून पाहिले आणि रिक्षा केली हरिपूरची.

"संगमेश्वराला न्हवं का, ताई?" रिक्षावाल्याने विचारले. मी मान हलवली. खरे तर मी निघाले होते देवलांच्या गावाला.

गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे. बेळगावच्या शाळेत त्यांना शिकवायला होते अण्णासाहेब किर्लोस्कर. पुढे नाटकातही तेच गुरू झाले. देवलांचे 'संगीत शारदा' रंगभूमीवर आले १८९९ साली. तोवर संगीत नाटकात पदे म्हणायची ती बहुतेक जुन्या कथांतल्या नायक-नायिकांनी. देवलांनी ती म्हणायला लावली म्हाताऱ्याला विकल्या जाणाऱ्या एका भटजीच्या पोरीला.

रस्त्यात रिक्षावाल्याने हळदीच्या पेवांची जागा दाखवली. जमिनीत खोल खणलेली ही पेवे; त्यांत हळद वर्षानुवर्षे राहायची. २००५ च्या महापुराने पुष्कळशी निकामी केली. "आत काळोख, पण हळद किडत न्हाई बघा," तो म्हणाला.

आणि मला एकदम थोरली आजी आठवली.

थोरली आजी म्हणजे माझी पणजी. अकराव्या वर्षी तिला हळद लागली. नवरा बिजवर, चाळिशी ओलांडलेला. हे सारे मला ऐकून ठाऊक होते, पण पंधराव्या वर्षी ऐकलेले आत कुठे शिरते? त्या वयात मला नाट्यसंगीताचे वेड लागले होते. 'शारदे'तल्या एका करुण पदाची कॅसेट मी पुन्हा पुन्हा मागे फिरवून ऐकत असे. पद सुरू झाले, की थोरली आजी उठून माजघरात जाई. एके दिवशी मात्र ती दारातच थांबली.

"बंद कर गं ते. फार गोड लावलंय."

"तुला गाण्यातलं काही कळत नाही!" मी ताडकन म्हणाले.

ती काही बोलली नाही. त्याच हिवाळ्यात, १९९६ साली, ती गेली.

संगमेश्वराचे दर्शन घेऊन मी घाटावर बसले. समोर वारणा निमूटपणे कृष्णेला मिळत होती. नाटकातली शारदा जीव द्यायला नदीवर जाते, तेव्हा कोदंड तिला वाचवतो. त्याआधी नवरा-नवरी सगोत्र असल्याचे उघड होऊन लग्न मोडलेले असते. शेवट गोड होतो, प्रेक्षक समाधानाने घरी जातात. थोरल्या आजीसाठी कुणी कोदंड आला नाही, आणि कुणाला गोत्रही आठवले नाही. नाटकातली शारदा त्या काळी रंगवायचे ते पुरुष नट. पातळ नेसून, दागिने घालून ते गात, आणि 'वन्स मोअर' घेत. खऱ्या शारदा घरी चुलीपाशी असत.

म्हणून देवलांचे मोल कमी होत नाही. संमतिवयाच्या कायद्याने १८९१ साली वय दहाचे बारा केले, त्यावर केवढा गदारोळ उठला होता! अशा दिवसांत त्यांनी पोरीचे रडणे भर मंडपात सर्वांना ऐकवले. पण ते गोड लागते ते आपल्याला, ऐकणाऱ्यांना. एवढे गाण्यातले थोरल्या आजीला कळत होते, मला नव्हते.

यंदा वर्गात 'शारदा' शिकवताना मी आधी ही गोष्ट सांगितली, मग पद लावले. पद संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, तुमच्या पणजीचं माहेरचं नाव काय होतं?"

मला फक्त सासरचे ठाऊक होते.