तळ्याकाठची नाडीपरीक्षा

नागपूर हे नाव ज्या नदीवरून पडले असे सांगतात, ती नाग नदी लाव्याच्या टेकड्यांत उगम पावते आणि शहरात शिरण्यापूर्वी अंबाझरी तलावात येते. तलावाच्या पलीकडे तिचे रूप पालटते. पुलावरून जाणारा नवखा प्रवासी तिला नाला समजतो, आणि नागपूरकरही त्याला फारसा विरोध करीत नाहीत. पुढे ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि शहराने सोडलेले सारे गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत जाऊन पोहोचते. संत्र्यांच्या या शहरात एवढी तळी असतील असे बाहेरच्या माणसाला वाटत नाही. अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर, सोनेगाव, गोरेवाडा, सक्करदरा, नाईक तलाव, लेंडी तलाव ही नावे घेताना जुन्या नागपूरकराच्या आवाजात अजूनही थोडा अभिमान आणि बरीचशी हळहळ असते.

महालकडून निघून रमण विज्ञान केंद्रासमोर आलो की गांधीसागर लागतो. जुनी मंडळी त्याला आजही शुक्रवारी तलावच म्हणतात. गोंड राजा चांद सुलतान याच्या काळातील, म्हणजे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील हे तळे. चौकोनी बांधणी, दगडी भिंती, मध्ये लहानसे बेट व त्यावर शिवमंदिर. अंबाझरीचा बांध त्यानंतरचा, 1870 सालचा. त्याचे पाणी मातीच्या नळांतून शहरात आणले जाई. आज शहराची तहान पेंच जलाशय आणि कन्हान नदी भागवतात. तळ्याचे पाणी घरात येईनासे झाले आणि त्याच्या स्वच्छतेची चौकशीही घरातून गेली, असे मला वाटते. जे पाणी आपण पीत नाही, त्याची प्रकृती विचारायला सहसा कोणी जात नाही.

मात्र फुटाळ्याच्या काठी ती विचारणारे लोक आहेत. तेलंगखेडीचा हा तलाव तीन बाजूंनी झाडीने वेढलेला आहे. चौथ्या बाजूला चौपाटी आहे. तेथे सकाळी फिरायला येणाऱ्यांत ज्येष्ठ मंडळी पुष्कळ, तर संध्याकाळी भाजलेल्या कणसांचा धूर आणि तरुणांची गर्दी. नागपूरच्या ग्रीन व्हिजिल फाउंडेशन या संस्थेचे स्वयंसेवक या व शहरातील इतर तलावांच्या पाण्याची तपासणी करीत असतात, विशेषतः गणेशविसर्जनाच्या आधी आणि नंतर. या कामामागे एक जागतिक उपक्रम आहे. अमेरिकेत 18 ऑक्टोबर 1972 रोजी झालेल्या स्वच्छ पाण्याच्या कायद्याची आठवण म्हणून 2003 साली सामान्य नागरिकांनी आपापल्या गावचे पाणी तपासण्याचा एक दिवस ठरविण्यात आला. पुढे ती तारीख 18 सप्टेंबर झाली. हा उपक्रम आज अर्थएको वॉटर चॅलेंज या नावाने चालतो. सप्टेंबर हा आपल्याकडे बहुधा गणपतीचा महिना. योगायोगच, पण उपयोगी.

तपासणीचे साहित्य एका लहान डब्यात मावते. एक बरणी, दोन काचनळ्या, काही गोळ्या, तापमानाची पट्टी आणि रंगांचा तक्ता. बरणीच्या तळाशी काळ्यापांढऱ्या रंगांची एक चकती चिकटवलेली असते. बरणीत पाणी भरून वरून पाहायचे आणि चकती किती धूसर दिसते ते तक्त्याशी ताडून पाण्याचा गढूळपणा ठरवायचा. या चकतीचा मूळपुरुष अँजेलो सेकी हा इटालियन धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ. त्याने 1865 मध्ये भूमध्य समुद्रात जहाजावरून पांढरी तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली होती. आकाशाकडे पाहणाऱ्या माणसाने पाण्यात डोकावण्याची रीत घालून द्यावी, ही मला मोठी गोड गोष्ट वाटते.

दुसरी परीक्षा आम्लतेची. एका नळीत ठरलेल्या खुणेपर्यंत पाणी घ्यायचे, एक गोळी टाकायची आणि रंग पाहून सामू वाचायचा. तिसरी परीक्षा सर्वांत महत्त्वाची व सर्वांत नाजूक, ती विरघळलेल्या प्राणवायूची. लहान नळी काठोकाठ भरतात, दोन गोळ्या टाकतात आणि हवेचा एकही बुडबुडा आत राहणार नाही अशा बेताने टोपण लावतात. बुडबुडा राहिला तर मोजमाप पाण्याचे न राहता हवेचे होते. गोळ्या विरघळेपर्यंत नळी हलवायची, मग पाच मिनिटे वाट पाहायची. रंग जितका गडद, तितका प्राणवायू अधिक. घरी रक्तशर्करेच्या पट्टीवर थेंब ठेवून आकड्याची वाट पाहणाऱ्यांना या पाच मिनिटांची ओळख वेगळी करून द्यायला नको.

तापमानाची नोंद यासोबत घ्यावीच लागते, कारण पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तर 30 अंशांना सुमारे साडेसात. नागपूरच्या मे महिन्यात तळ्यातील माशांवर काय प्रसंग येत असेल, याची यावरून कल्पना करावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार मत्स्यजीवनासाठी लिटरमागे किमान 4 आणि उघड्यावर स्नानासाठी किमान 5 मिलिग्रॅम प्राणवायू हवा. सामू दोन्हींसाठी साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान असावा. सांडपाण्याने शेवाळ माजले की दिवसा ते प्राणवायू सोडते, पण रात्री तोच ओढून घेते. म्हणून मासे मरून तरंगलेले दिसतात ते बहुधा पहाटे. दुपारचा आकडा पाहून समाधान मानणाऱ्याची येथे फसगत होते. नोंद करताना वेळ लिहिण्याचा आग्रह असतो तो याचसाठी.

विसर्जनाचा परिणामही अशा आधीच्या आणि नंतरच्या नोंदींतून कळतो. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात लवकर विरघळत नाही, रंगांतील धातू गाळात बसतात, आणि निर्माल्य कुजताना प्राणवायू खर्ची पडतो. शाडूची मातीदेखील पाणी गढूळ करतेच. महापालिकेने तलावांत विसर्जनास मनाई करून काठावर कृत्रिम टाक्या ठेवल्या, त्यामागे ही कारणे आहेत.

तळे केवळ माशांचे नसते, हे अंबाझरीने 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे दाखवून दिले. अतिवृष्टीने तलाव ओसंडला आणि कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, शंकरनगर या वस्त्यांतील घरांत पाणी शिरले. तळमजल्यावर राहणाऱ्या वृद्धांची आणि त्यांना सांभाळणाऱ्यांची तेव्हा काय धावपळ झाली असेल, ते वेगळे सांगायला नको.

आता एक सावधगिरीची सूचना. या डब्यातील परीक्षांना रोगजंतू दिसत नाहीत. चारही नोंदी उत्तम आल्या तरी ते पाणी तोंडात घेण्याजोगे ठरत नाही. जंतूंची तपासणी प्रयोगशाळेतच होते. मधुमेहामुळे पायाला जखम असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी तळ्याच्या पाण्यात पाय सोडून बसू नये. हिरवा तवंग दिसल्यास नातवंडांना आणि घरच्या कुत्र्यालाही पाण्यापासून दूर ठेवावे. डासांबाबतही एक गैरसमज आहे. हत्तीरोग पसरविणारा डास घाण पाण्यात वाढतो हे खरे, पण डेंग्यूचा डास तळे सोडून आपल्या कूलरच्या टाकीत अंडी घालतो. ती आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी करावी.

या कामात ज्येष्ठांना जागा आहे, आणि ती उतरत्या घसरड्या पायऱ्यांवर नाही. पाणी तरुणांनी काढून आणावे. वडीलधाऱ्यांनी बाकावर बसून वेळ, तापमान, रंग, वास, फेस, जलपर्णी कुठवर आली, कोणते पक्षी दिसले हे वहीत उतरावे. पंधरा दिवसांतून एकदा, त्याच जागी, त्याच वेळी. स्मृती क्षीण होत चाललेल्या व्यक्तीलाही रंगाचा तक्ता समोर धरून सारखेपणा ओळखता येतो, आणि सोबत बसलेल्या लेकी-सुनेलाही तेवढीच मोकळी हवा मिळते. नाही तरी चाळीस वर्षांपूर्वी गांधीसागराची कोणती पायरी उन्हाळ्यात उघडी पडे, हे कोणताही तक्ता सांगत नाही. ते आजोबांनाच विचारावे लागते. ते सांगतील तेही वहीत लिहावे, मात्र वेगळ्या पानावर.

परीक्षा झाल्यावर गोळ्या मिसळलेले पाणी पुन्हा तळ्यात ओतायचे नसते. त्यासाठी झाकणाची एक रिकामी बाटली आणि हात धुण्यासाठी घरचे पाणी व साबण पिशवीत आठवणीने ठेवावा.