आधी एक वासा, मग बाकीचे

लाकूड लांब राहिले तर पुन्हा कापता येते. आखूड झाले तर वाया जाते. हातावर पोट असलेल्या आपल्यासारख्या घरांना ही गोष्ट फार महागात पडते. गेल्या मे महिन्यात चिपळूणजवळच्या आमच्या गावच्या घराचे वासे बदलले. धाकट्या भावाने प्रॉव्हिडंट फंडातून पैसे उचलून ऐनाचे 26 वासे आणले. सत्ताविसावा आणायची ऐपत नव्हती. आणि आमच्याकडचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर!

घराची रुंदी 16 फूट, म्हणजे भिंतीपासून आढ्याच्या मध्यापर्यंत 8 फूट. भिंतीवरच्या आडव्या लाकडापासून आढे 6 फूट उंच. मी कॉमर्सचा माणूस. आठाचा वर्ग 64, सहाचा 36, बेरीज 100, म्हणून वासा 10 फूट, असे कागदावर मांडले. सुतारदादांनी कागद पाहिलाच नाही. गुण्याच्या एका बाजूवर 8 इंच, दुसरीवर 6 इंच धरून तो वाशावर 12 वेळा सरकवला. तेच 10 फूट आले! वळचण भिंतीबाहेर 2 फूट हवी, म्हणून आणखी 3 वेळा. एकूण साडेबारा फूट. गुण्याच्या 6 इंचांच्या बाजूने रेघ मारली की आढ्यावर वासे भिडतात तिथला उभा काप मिळतो. भिंतीवर बसायची खाच वाशाच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून खोल घेत नाहीत.

भावाला घाई. "सुतारदादा, सगळे आजच कापा, पाऊस तोंडावर आलाय."

"पहिली जोडी दोन्ही टोकांना लावून बघू," ते म्हणाले.

एका टोकाला जोडी चपखल बसली. दुसऱ्या टोकाला मात्र खाच लाकडाच्या बाहेर राहिली. भाऊ म्हणाला, "मग उरलेले इंचभर आखूड घ्या." सुतारदादांनी सुतळी ताणली. भिंतीवरचे लाकूडच आत सरकले होते. ते रेषेत आणताच जोडी बसली. त्या घाईत वासे आखूड झाले असते तर पुन्हा पैसे कुठून आणणार होतो?

मग पहिल्या वाशावर 'नमुना' लिहिले आणि प्रत्येक लाकूड त्याच्यावरूनच आखले. नव्या वाशावरून पुढचा आखत गेले, तर दर वेळी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वाढला तरी 25 खेपांत तीन इंचांवर जाते. खतावणीत मागची चुकलेली बाकी पुढे ओढावी तसे! खुणा करायला नववीतली पुतणी होती. सुतारदादा तिच्याकडून प्रत्येक खूण दोनदा मोजून घेत.

एकही वासा वाया गेला नाही. जूनमध्ये आईचे अंथरूण कोरडे राहिले.

वाचक बंधू-भगिनींनो, घराचे छप्पर काढाल तेव्हा कारागिराला घाई करू नका. पहिली जोडी दोन्ही टोकांना लावून पाहा. रिपांचे अंतरही आणलेली कौले मांडूनच ठरवा. आणि टेप धरायला घरातल्या शिकत्या मुलामुलींना जवळ बोलवा.