मोडीचा भाव

जुनं तांब्या-पितळेचं भांडं विकायला काढलं की त्याचं नाव जातं. बंब असो, घंगाळ असो, पातेलं असो, तराजूवर सगळ्यांची मोडच होते. धातूच्या बाजूने पाहिलं तर यात गैर काही नाही. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं. नीट शुद्ध केलं तर खाणीतून आलेल्या आणि मोडीतून आलेल्या तांब्यात फरक राहत नाही. लाकडाचं किंवा प्लास्टिकचं असं होत नाही. म्हणूनच मोडीला भाव आहे.

माळा रिकामा करायला घेतला आणि आईने आमचीही भांडी मोडीत द्यायचं ठरवलं, तेव्हा मी या हिशेबावर अडले. वजनात काय काय धरलं जात नाही?

तांब्याचा पत्रा मुळात मऊ. हातोडीखाली तो आकार घेतो आणि घावागणिक कडक होत जातो. आतल्या स्फटिकांच्या रचनेतले दोष वाढतात, एकमेकांत अडकतात, आणि अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरेनासे होतात. तसंच ठोकत राहिलं तर पत्रा चिरतो. म्हणून तांबट तो लाल होईपर्यंत तापवतो. आत नवे स्फटिक तयार होतात आणि पत्रा पुन्हा मऊ पडतो. इंजिनिअरिंगला आम्ही शिकलो ते पोलादाचं: लाल तापवून पाण्यात बुडवलं की कठीण. तांबं मात्र तसं बुडवलं तरी मऊच राहतं, त्यामुळे ते निवायची वाट पाहावी लागत नाही. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत शेवटी मठारकाम होतं, म्हणजे भांड्याच्या सगळ्या अंगावर शेजारी शेजारी एकसारखे ठोके. चकाकतात म्हणून ते नक्षी वाटतात, पण पातळ पत्र्याला ताठपणाही तेच देतात. घंगाळ वितळवलं की हे सगळं जातं आणि वजन तेवढंच राहतं.

पितळेची कथा आणखी खटपटीची. त्यात तांब्याला जस्ताची जोड असते. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि खनिजातून सोडवायला त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणजे हाती येते ती वाफ, आणि तिला हवा लागली की पुन्हा भस्म. राजस्थानात जावरला वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या लावून ही वाफ खाली उतरवत आणि थंड करत. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनने जस्त काढण्याचं पेटंट घेतलं ते १७३८ साली, जावरच्या कित्येक शतकं नंतर.

हे सगळं मी आईला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "आणि चिंच लावून घासली कुणी, तेही सांग की."

तिचा मुद्दा रसायनशास्त्रातही बसतो. तांबं हवेने, पाण्याने काळवंडतं. चिंचेतलं आम्ल तो थर विरघळवतं, म्हणजे दर घासणीला कणभर तांबंही जातं. तांबटाचं काम वजनात धरलं जात नाही, एवढंच मला दिसलं होतं. आजीने आणि आईने वर्षानुवर्षं केलेलं काम तर वजनातून वजाच होत आलं होतं. माझ्या कौतुकात तांबट होता, जावर होतं. मोरीपाशी बसलेल्या या दोघी नव्हत्या.

बंब तिने दिला. तो तिने घासला होता, देण्याचा हक्कही तिचाच. एक पितळी पातेलं मी मागून घेतलं. पितळेत आंबट कळकतं, म्हणून आधी कल्हई हवी होती. कल्हईवाला शोधण्यात दोन रविवार गेले. त्याने पातेलं तोललं नाही. आतून हात फिरवला, कुठे पिवळं उघडं पडलंय ते पाहिलं आणि भांड्याच्या मापावरून दर सांगितला. मग पातेलं तापवलं आणि नवसागर टाकला. पांढरा धूर झाला आणि वरचा ऑक्साइडचा थर सुटला. कथील २३२ अंशांनाच वितळतं. कापसाच्या बोळ्याने ते फिरवलं आणि पातेलं आतून चांदीसारखं झालं.

कथील मऊ असतं, झिजतं. काही महिन्यांनी पुन्हा यावं लागेल, आतून खरवडून घासायचं नाही, असं त्याने बजावलं. बाहेरून चिंच लागतेच. ती मी लावते.