दुसऱ्या लेकीच्या निमित्ताने

नाशिक
१८ जानेवारी

चि. संदीप यास,


बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. बाळाचं वजन चांगलं आहे, रडणं खणखणीत आहे, अंगावर नीट पिते आहे. आणखी काय हवं? पण फोनवरचा तुझा सूर मला आवडला नाही. ‘दुसरीही मुलगीच झाली गं आत्या,’ असं तू म्हणालास. मागून वहिनीचा, तुझ्या आईचा, आवाज आला, की मनीषाच्या माहेरीही सगळ्या बहिणीच, तिच्या पोटीच मुली आहेत. त्यावर तू गप्प बसलास. पलीकडच्या खोलीत ओली बाळंतीण होती, तिनेही ते ऐकलंच असणार. फोनवर तू ‘हो, हो’ म्हणून विषय संपवतोस, म्हणून लिहायला बसले. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं, आणि माझ्याच घरात एका मुलीला असं ऐकून घ्यावं लागतंय, हे मला सहन होत नाही.

दिवाळीत तू मला गोठ्यात नेऊन नवी कालवड दाखवली होतीस. या खेपेला साधी कांडी भरली नाही, कालवडच होईल अशी निवडलेली भरली, पैसे जास्त गेले पण काम झालं, असं किती आनंदाने सांगत होतास. ती कांडी कशाची होती, संदीप? वळूच्या वीर्याची. गाय तीच, तिचा माज तोच, तिचं गर्भाशय तेच. बदललं ते फक्त बापाकडून आलेलं बीज, आणि तेवढ्याने गोऱ्ह्याऐवजी कालवड होण्याची जवळजवळ खात्री झाली.

ती कांडी तयार कशी करतात तेही वाच. वळूच्या प्रत्येक शुक्रपेशीत एकतर एक्स गुणसूत्र असतं, नाहीतर वाय. एक्स आकाराने मोठं, त्यामुळे ते असलेल्या पेशीत डीएनए सुमारे चार टक्के जास्त असतो. प्रयोगशाळेत या पेशींना डीएनएला धरून राहणारा रंग देतात, मग एकेका थेंबात एकेक पेशी येईल इतक्या बारीक धारेतून त्यांना लेसरच्या उजेडासमोरून नेतात. जी पेशी किंचित जास्त उजळते ती एक्सवाली. तिच्या थेंबाला विजेचा भार देऊन तो एका बाजूला वळवतात, आणि अशा वेचलेल्या पेशींची कांडी भरतात. तिच्यापासून शंभरातल्या नव्वदच्या आसपास कालवडी होतात. एवढ्या खटाटोपात गाईच्या अंड्याला कोणी हात लावत नाही, कारण तिथे निवडण्यासारखं काही नसतंच. तिचं प्रत्येक अंडं एक्सवालंच असतं.

माणसातही अगदी हेच आहे. मनीषाच्या प्रत्येक अंड्यात एक एक्स गुणसूत्र. तुझ्या शुक्रपेशींत निम्म्या एक्सवाल्या, निम्म्या वायवाल्या. कोट्यवधी पेशी निघतात, त्यातल्या शे-दोनशे अंड्याजवळ पोहोचल्या तरी खूप, आणि आत शिरते ती एकच. ती शिरली की अंड्याचं आवरण बदलतं आणि बाकीच्यांना वाट बंद होते. त्या एका पेशीत एक्स असेल तर मुलगी, वाय असेल तर मुलगा. थोरलीच्या वेळी तुझ्याकडून एक्स आलं, धाकटीच्या वेळीही एक्स आलं. मनीषाच्या माहेरी बहिणी जास्त असतील तर तेही तिच्या वडिलांच्या बीजावर ठरलं, तिच्या आईच्या पोटात नाही. यात तुझाही दोष नाही, कारण कोणती पेशी पोहोचावी हे तुझ्या हातात नव्हतं. पण कोणाकडून ठरलं असं वहिनीला विचारायचंच असेल, तर उत्तर तुझ्याकडे बोट दाखवतं. हे तू स्वतःच्या तोंडाने तिला सांगायला हवंस.

ही माहिती काही कालपरवाची नाही. १९०५ साली अमेरिकेतल्या ब्रिन मॉर कॉलेजात नेटी स्टीव्हन्स नावाच्या बाईंनी धान्यात-पिठात होणाऱ्या एका भुंग्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. मादीच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रं, नराच्या पेशीत एकोणीस मोठी आणि एक अगदी छोटं. नराच्या निम्म्या शुक्रपेशींत ते छोटं जात होतं, आणि त्यावरून लिंग ठरत होतं, हे त्यांनी मांडलं. १९१२ साली त्या कॅन्सरने गेल्या. शंभर वर्षांहून जुनं ज्ञान आहे हे. ते तुमच्या शहाद्यापर्यंत कांडीच्या रूपाने पोहोचलं. मग सुनेपर्यंत का पोहोचू नये?

आता तुझ्या पपईकडे ये. दादा वॉशिंग्टन जातीची पपई लावायचा ते तुला आठवत नसेल, तू लहान होतास. एका खड्ड्यात तीन-चार रोपं लावायची आणि फुलं येईपर्यंत थांबायचं, कारण रोप बघून नर की मादी हे कोणालाच कळत नाही. फुलं आली की मी दादाबरोबर ओळीने फिरायचे. नर झाडाला लांब लोंबत्या देठावर बारीक, नळीसारख्या फुलांचे झुबके. मादी झाडाचं फूल खोडाला चिकटून, एकटंदुकटं, जाड. पाकळ्या सोडवल्या की आत फिकट हिरवी, पाच कंगोऱ्यांची इवलीशी पपई तयारच असायची आणि टोकाला तिची झालरीसारखी कुक्षी. ते फूल बोटांत धरलं की चीक लागायचा आणि बोटं चिकटायची. जवळजवळ निम्मी झाडं नर निघायची. दहा माद्यांमागे एक नर ठेवून बाकीचे दादा उपटून टाकायचा.

तुझी तैवान ७८६ वेगळी आहे. तिच्यात निव्वळ नर झाडं येत नाहीत, मादी आणि उभयलिंगी अशी दोनच येतात. व्यापारी ज्या लांबट फळाला भाव देतो ते उभयलिंगी झाडाचं, आणि गोल फळ मादीचं. उन्हाळ्याच्या कडाक्यात त्याच उभयलिंगी झाडाच्या फुलांतला बीजकोश खुंटतो, फुलं नरासारखी वागतात आणि फळ धरत नाही, हा ताप तू दरवर्षी सोसतोस. पपईतही एक्स आहे आणि वायही, आणि उभयलिंगी झाडात वायचाच एक वेगळा प्रकार असतो. अशा झाडाने स्वतःच्याच परागाने बी धरलं तर हिशेबाने चारातल्या एका बीजाला दोन्हीकडून वायच मिळतो, एक्स एकही नाही. ते बीज जगत नाही, आतल्या आत मरतं. म्हणून उरलेल्यांत दोन उभयलिंगी आणि एक मादी असं प्रमाण पडतं. माणसाचंही तसंच आहे. एक्सवाचून गर्भ वाढूच शकत नाही, कारण जगायला लागणारी कितीतरी जनुकं त्याच्यावर आहेत. वायवाचून मात्र जगातल्या निम्म्या माणसांचं उत्तम चाललं आहे. मुलगा झाला तरी त्याचं ते एकुलतं एक्स आईकडूनच आलेलं असतं. तुझंही वहिनीकडून आलं.

सगळ्याच जिवांत बापावर ठरतं असं नाही, तेही प्रामाणिकपणे लिहिते. कोंबड्यांत उलट आहे. तिथे आईच्या अंड्यात दोन तऱ्हा असतात आणि पिल्लू नर की मादी ते कोंबडीकडून ठरतं. नवापूरला एवढ्या पोल्ट्र्या आहेत, अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लं नको असतात, पण त्यासाठी कोंबडीला कोणी बोल लावल्याचं मी ऐकलं नाही. मधमाश्यांच्या राणीने अंड्यावर शुक्रपेशी सोडली तर मादी जन्मते, तसंच फळवल्याशिवाय घातलं तर नर. त्या नराला बापच नसतो, पण आईचा बाप, म्हणजे आजोबा मात्र असतो.

आणि कासवं. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला मी ऑलिव्ह रिडलेची पिल्लं पाहायला गेले होते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्रांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन २००२ पासून तिथे घरटी राखायला सुरुवात केली. मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या वल्ह्यांनी हातभर खोल खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि परत समुद्रात जाते. अंडं पांढरंशुभ्र, गोल, कवच कातड्यासारखं मऊ, दाबलं तर खळगा पडेल असं. त्या अंड्यात नर-मादी ठरवणारं गुणसूत्रच नसतं. दीड-दोन महिने ती वाळूत असतात, आणि त्यातल्या मधल्या काळात वाळू किती तापली त्यावर ठरतं: गरम वाळूत माद्या जास्त, थोड्या गार वाळूत नर जास्त. तापमानात दोन-तीन अंशांचा फरक पडला की सगळं घरटंच एका बाजूला झुकतं. जग तापतंय म्हणून आता नरच कमी जन्मतील ही अभ्यासकांना काळजी आहे. निसर्गाने हा प्रश्न इतक्या वेगवेगळ्या वाटांनी सोडवला आहे, पण दोन्ही लागतात ही गरज यातल्या कुठल्याच वाटेवर सुटलेली नाही.

आता त्या पुडीबद्दल. कोणीतरी सांगितलं म्हणून वहिनीने ‘पुढच्या वेळेसाठी’ औषध आणून ठेवलं आहे, तिसऱ्या महिन्याच्या आत, वासरू असलेल्या गाईच्या दुधातून घ्यायचं, असं तू बोलता बोलता म्हणालास. लिंग ठरतं ते शुक्रपेशी अंड्यात शिरते त्या क्षणी, बाईला आपण गरोदर आहोत हे कळायच्या आधी. सहा आठवड्यांपर्यंत मुलाचा आणि मुलीचा गर्भ दिसायला सारखाच असतो, दोघांतही दोन्ही प्रकारच्या नळ्यांची मांडणी असते. मग वायवरचं एक जनुक जागं होतं आणि वृषण घडायला लागतं. ते जनुक १९९० साली सापडलं. पुरुषाच्या छातीवर स्तनाग्रं असतात ती त्या सामाईक काळाची खूण. पुडीतल्या मुळीने किंवा बीने तिथे नसलेलं वाय येणार नाही. उलट हात-पाय, हृदय, मणका घडतो तोच हा काळ, आणि अशा औषधांचा बाळाच्या जन्मजात व्यंगांशी संबंध असल्याचं हरियाणातल्या अभ्यासात दिसलेलं आहे. ती पुडी घरात ठेवू नकोस. आजच टाक.

गर्भ तपासायला राज्याच्या हद्दीपलीकडच्या दवाखान्यात जायचं ज्याने कोणी सुचवलं, त्याला पुन्हा दारात उभं करू नकोस. गर्भलिंग तपासायला बंदी घालणारा कायदा देशात सर्वांत आधी १९८८ साली महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४ चा. नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं असं धरूनच तो बाईकडे बघतो, आणि तपासणी करवून घेणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण मी तुला कायद्याची भीती घालत नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. २००१ ला राज्याचा आकडा ९१३ होता. त्या दहा वर्षांत वर्गात बसायला हव्या होत्या अशा मुली बसल्याच नाहीत. माझ्यासारख्या शिक्षिकेला तो आकडा रिकाम्या बाकांसारखा दिसतो.

वहिनीला वंशाची काळजी आहे, म्हणून हा परिच्छेद तिला वाचून दाखव. आपल्या प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात. खाल्लेल्या अन्नातून शक्ती काढण्याचं काम त्या करतात, आणि त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो. तो फक्त आईकडून येतो. बापाच्या शुक्रपेशीतल्या तंतुकणिका अंड्यात शिरल्यावर नष्ट होतात. वहिनीच्या आईच्या, आजीच्या, पणजीच्या तंतुकणिका तुझ्यात आहेत, पण तुझ्यापाशी त्या थांबल्या, तुझ्या मुलींत मनीषाच्या गेल्या. वहिनीच्या पुढे जातील त्या तुझ्या बहिणीच्या पोटातून, लेकीच्या लेकीतून. आणखी एक. मुलीची सगळी अंडी ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. पाचव्या महिन्यात साठ-सत्तर लाख असतात, जन्मापर्यंत दहा-वीस लाख उरतात, त्यातली जेमतेम चारशे आयुष्यभरात पक्व होतात. म्हणजे ज्या अंड्यातून तू झालास ते वहिनी तिच्या आईच्या पोटात असतानाच घडलं होतं. आठ दिवसांची तुझी धाकटी पाळण्यात झोपली आहे, तिच्यापाशीही पुढच्या पिढीचं सगळं बीज आत्ताच आहे.

तिसऱ्या वेळी मुलगा होईलच का, असं तू विचारलंस. आधीच्या दोन मुलींमुळे तिसऱ्या वेळच्या शक्यतेत काही फरक पडत नाही. पुन्हा जवळजवळ निम्मीच. पण तिसरं हवं का, हे मनीषाला विचारलंस का? तिचं हिमोग्लोबिन दोन्ही बाळंतपणांत कमी होतं. निदान तीन वर्षं तरी तिच्या अंगाला विसावा लागेल. अंगावर पाजते आहे तोवर दिवस राहणार नाहीत, या भरवशावर राहू नका. पाळी परत येण्याआधीच अंडं सुटतं, आणि पाळी न येताच दिवस गेल्याची उदाहरणं घरोघरी आहेत.

आणि दोनच पुरेत असं तुम्हा दोघांचं ठरलं, तर शस्त्रक्रिया तू करून घे, तिला पाठवू नकोस. तिची करायची तर पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण घालावी लागते, तुझी टाक्याशिवाय, जागा बधिर करून थोड्या वेळात होते आणि त्याच दिवशी घरी येता येतं. शुक्रपेशींची नळी तेवढी बंद करतात, संप्रेरकं रक्तातून जात राहतात, त्यामुळे ताकद, इच्छा, दाढी-मिशी कशातच फरक पडत नाही. पपईचे क्रेट उचलायचं काम आठवडाभर गड्यावर सोपव. नळीत आधीच्या पेशी उरलेल्या असतात, म्हणून पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. अहवालात शुक्रपेशी नाहीत असं आल्यावरच निर्धास्त व्हायचं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात चौकशी कर. मनीषाशी बोलून काय ठरलं ते मला कळव.

तुझी,
आत्या