गडीमाणसाची जत्रा

माद्रिद, १५ मे

प्रिय ताई,

आज इथे सान इसिद्रोचा सण, अख्ख्या शहराला सुट्टी. मार्केस दे वादिल्यो स्टेशनात मेट्रोचा डबा जवळजवळ रिकामा झाला आणि त्या लोंढ्याबरोबर मीही मान्सानारेस नदीपलीकडच्या हिरव्या उतारावर पोचले. बायका ठिपक्याठिपक्यांच्या पायघोळ झग्यांत, डोक्याला पांढरा रुमाल, त्यात खोचलेली कार्नेशनची फुलं. पुरुष जाकीट आणि चौकड्यांच्या टोपीत. कडेवरचं पोरही तसंच नटवलेलं.

हा संत बाराव्या शतकातला शेतमजूर, वार्गास नावाच्या जमीनदाराकडे राबणारा. प्रार्थनेपायी कामावर उशिरा येतो, अशी सोबत्यांनी चहाडी केली. मालक बघायला गेला, तर हा प्रार्थनेत आणि देवदूत नांगर हाकताहेत! आपल्या जनाबाईचं दळण विठोबाने दळलं, त्यातलाच प्रकार. राजेसरदारांच्या या राजधानीने पाठीराखा म्हणून गडीमाणूस निवडला, हे मला फार आवडलं. तिथल्या चॅपेलपाशी एक झरा आहे. तहानलेल्या मालकासाठी इसिद्रोने तो जमिनीतून काढला म्हणे. त्या पाण्यासाठी लोक बाटल्या घेऊन रांगेत उभे होते; भाविक किती नि हौशी किती, कोण सांगणार?

एके ठिकाणी चोटिस नाच चालला होता. सत्तरीचे एक गृहस्थ, एक हात जाकिटाच्या खिशात, पाय जुळवलेले, नजर समोर. चवड्यांवर जागच्या जागी गोल फिरत होते आणि बाई त्यांच्याभोवती. एका फरशीबाहेर पाऊल गेलं की नाच फसला! चेहरा मात्र असा गंभीर, की बँकेत सही करताहेत.

खायला रोस्किया, म्हणजे कडबोळ्याएवढी गोड कडी. साध्या त्या ‘वेड्या’, लिंबाच्या पाकातल्या ‘शहाण्या’. वेडीच सरस, शहाणी नुसती साखर. कोकराची तळलेली आतडीही होती, पण वासानेच मी लांब पळाले.

माद्रिद, १७ मे

ताई, आज प्रादो संग्रहालयात परवाच्या जत्रेचंच मैदान बघितलं, गोयाने १७८८ साली रंगवलेलं. जेमतेम दोन हात रुंदीचं चित्र, त्यात मुंगीएवढी असंख्य माणसं, पांढऱ्या छत्र्या, घोडागाड्या आणि नदीपल्याड राजवाडा. राजवाड्याच्या भिंतीवरच्या विणलेल्या चित्र-पडद्यासाठी केलेला हा कच्चा आराखडा. त्याच साली राजा तिसरा कार्लोस वारला आणि पुढचं काम राहूनच गेलं. गर्दी मात्र अजून तिथेच बसते.

संध्याकाळी तोलेदो रस्त्यावरच्या चर्चमध्ये गेले. इसिद्रोचं शव तिथे जपलेलं आहे. डिसेंबरात तुम्ही जुन्या गोव्याला जाणारच आहात, तर बाँ जेझू चर्चमधल्या सेंट झेवियरसमोर उभी राहशील तेव्हा भावजींना एवढं सांग: त्या झेवियरला आणि या शेतमजुराला रोमने संतपद दिलं ते एकाच दिवशी, १२ मार्च १६२२ रोजी.

तुझी,
धाकटी