आग्रह आणि संमती

वकिलाच्या घरी कागद पुष्कळ असतात. स्वतःविरुद्धचा पुरावा मात्र त्यांत सहसा नसतो. यंदाच्या, म्हणजे 2025 च्या उन्हाळ्यात आम्हांस तोच गोळा करावा लागला. आमची उंची 170 सेंटिमीटर, वजन 110 किलो. किलोंना मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो अंक येतो, तो आमच्या बाबतीत 38 येतो. मधुमेह होताच, त्यात झोपेत श्वास थांबू लागला. आम्ही सुखाने घोरत असू आणि पत्नी पुढचा श्वास येईपर्यंत अंधारात आकडे मोजीत बसे. जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घ्या, असे अखेर नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले.

नागपूरच्या म्हणण्याचे कारण कोकण-गोव्याकडील वाचकांस सांगितले पाहिजे. छिंदवाड्यातून पांढुर्णा व सौंसर या तहसिली वेगळ्या काढून 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला, तो आमचा. राज्य मध्य प्रदेश, कचेरीची भाषा हिंदी, घरची मराठी, आणि दुखणे बळावले की वाट नागपूरची.

विम्याच्या पैशांसाठी कागद हवे होते. अशा शस्त्रक्रियेचा खर्च कंपनीने केव्हा नाकारावा आणि केव्हा नाही, याचे शब्द विमा नियामक प्राधिकरणाने 2019 साली ठरवून दिले आहेत. अंक 40 किंवा अधिक असावा. अथवा 35 असून सोबत हृदयविकार, झोपेतील तीव्र श्वासरोध, आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखी व्याधी असावी, आणि वजन उतरविण्याचे सौम्य उपाय निष्फळ झालेले असावेत. म्हणजे आम्हांस आपला पराभव सिद्ध करावयाचा होता! आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या निघाल्या, व्यायामशाळेची वर्षाची पावती निघाली (गेलो असू अकरा दिवस), पत्नीने वजने टिपलेली वही निघाली. एकदा नऊ किलो उतरले होते आणि पुढे बारा चढले होते. वीस वर्षांच्या वकिलीत इतका निर्विवाद पुरावा आम्ही क्वचितच दाखल केला असेल.

रक्त, हृदय, पोटातील दुर्बीण या तपासण्या झाल्या. अंगभर तारा लावून एक रात्र झोपवून पाहिले. अडलो ते मानसोपचारतज्ज्ञ बाईंपाशी. त्यांनी विचारले, “तुम्हांला ‘नको’ म्हणता येते का?” आम्ही हसलो. उलटतपासणीत साक्षीदारास घाम फोडणाऱ्या माणसास हे विचारावे?

परंतु परतीच्या गाडीत तो प्रश्न आमच्या शेजारीच बसून आला. जामसावळीच्या निद्रिस्त मारुतीस आमची भक्ती आहे आणि तितकीच, खरे सांगावयाचे तर, भंडाऱ्याच्या पंगतीवर. पंगतीत पानावर आडवा धरलेला हात हा नकार नव्हे, तो शिष्टाचार. बोटांच्या फटीतून बुंदी पडते आणि वाढपी कृतार्थ होतो. न्यायालयात ‘नाही’ म्हटले की ते टिपून घेतात. पंगतीत ‘नाही’ म्हटले की दुसरी पळी येते. पहिली पळी वरणाची, दुसरी प्रेमाची, तिसरी पैजेची. या तिन्हींस आम्ही कधी मनापासून संमती दिली होती काय, हे आठवेना.

संमतीचा छापील कागद इंग्रजीत होता. असे कागद आम्ही पक्षकारांकडून नित्य सही करवून घेतो. त्या रात्री तो पत्नीस मराठीत वाचून दाखवू लागलो आणि आपल्याच आवाजाने दचकलो. जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात. तो पुन्हा जोडता येत नाही. शिवलेली कड क्वचित गळते. जीवनसत्त्वे जन्मभर घ्यावी लागतात. प्राणास धोका अल्प, पण आहे; आणि इतके करून संयम सुटल्यास वजन परत येऊ शकते. “मग काय उपयोग?” पत्नीने विचारले. शस्त्रक्रिया भूक लहान करते, सवय नव्हे, एवढेच उत्तर आम्हांस देता आले. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली सांगितले आहे की, जाणत्या रुग्णाची स्वतःची संमती हवी. ती भुलीखाली असताना आईने दिलेली संमती चालत नाही. हा निवाडा आम्ही न्यायालयात वाचून दाखविला आहे. तो आम्हांसही लागू आहे, हे तेव्हा सुचले नव्हते. सही आम्ही त्या रात्री केली नाही. चौथ्या दिवशी केली.

शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे पिठूळ व गोड बंद. चरबीने फुगलेले यकृत जठरावर पसरलेले असते. ते आकसले तरच शल्यचिकित्सकास ते उचलून खाली हात घालता येतो. नेमका त्यातच पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते. तेथे न जाणे सोपे होते, कारण डोके शाबूत राखणे हाही तयारीचाच भाग. घरचे पान कठीण. बैलांची पूजा झाली, पाने मांडली, आणि आई पुरणपोळी घेऊन आमच्यापुढे उभी राहिली.

“एक तरी घे. सण आहे रे.”

आम्ही पानावर हात धरला. बोटे जुळवून धरली. ती थांबली.

“डॉक्टर नको म्हणतात, की तुला नको?”

“मला नको, आई.”

तिने पोळी परत डब्यात ठेवली. तुपाची वाटी मात्र आमच्या पानाशेजारीच राहिली, आणि ती उचलावी की नाही हे तिला जेवण संपेपर्यंत कळेना.